मुकी अक्षरं : इंग्रजीतल्या ‘जी-एच’चा इतिहास



इंग्रजीत शेकडो शब्द असे आहेत की ज्यांत ‘जी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरं शेजारी शेजारी बसलेली असतात आणि बहुतेक वेळा काहीच बोलत नाहीत. नाईट म्हणजे रात्र, लाईट म्हणजे उजेड, डॉटर म्हणजे मुलगी, एट म्हणजे आठ, थॉट म्हणजे विचार. या सगळ्यांत जी-एच आहे आणि कानाला एकातही ऐकू येत नाही. लाफ म्हणजे हसणं, कफ म्हणजे खोकला, इनफ म्हणजे पुरेसं, यांत तेच जी-एच ‘फ’ होऊन बोलतं. आणि घोस्ट म्हणजे भूत, यात ते चक्क ‘ग’ होतं. आज मी एवढ्याच दोन अक्षरांची हकीकत सांगणार आहे. विषय छोटा वाटेल, पण त्यात जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे.

सुरुवात घरच्या एका आठवणीपासून करतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, माझ्यापुढे तीन इयत्ता होते. खेड्यातली शाळा. इंग्रजीचं पुस्तक हाती येऊन दोनेक महिने झाले असतील. गुरुजींनी दादांना उभं करून वाचायला सांगितलं. दादांनी अक्षरं नीट लावली आणि मोठ्यानं वाचलं, ‘निघ्ट’. सगळा वर्ग हसला. गुरुजींनी हातावर छडी दिली आणि म्हणाले, ‘नाईट! जी-एच सायलेंट!’ दादांनी विचारलं, ‘बोलायचं नाही तर लिहायचं कशाला?’ त्यावर दुसरी छडी बसली.

आता गंमत बघा. मुलगा मराठी शाळेत शिकलेला. मराठीत जसं लिहितो तसं बोलतो, हा त्याचा रोजचा अनुभव. त्यानं तोच न्याय इंग्रजीला लावला. यात त्याचं काय चुकलं? आणि त्याचा प्रश्न तर भाषाशास्त्रातला अगदी मूळ प्रश्न होता. त्याचं उत्तर गुरुजींना ठाऊक नव्हतं, कारण त्यांनाही ते कुणी सांगितलेलं नव्हतं. आज आपण ते शोधू.

त्यासाठी आधी फार मागे जावं लागेल. संस्कृतात रात्रीला ‘नक्त’ असा एक शब्द आहे. श्रावणी सोमवारी नक्त करणारे, म्हणजे दिवसभर उपास करून रात्री जेवणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. लॅटिनमध्ये रात्रीच्या शब्दाचं मूळ ‘नोक्त’. जर्मनमध्ये ‘नाख्त’. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी व्याख्यान दिलं आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं मत मांडलं. पुढे १८२२ मध्ये जर्मनीत याकोब ग्रिम यांनी ध्वनी कसे बदलले याचे नियम मांडले. परीकथा गोळा करणाऱ्या दोन ग्रिम बंधूंपैकी हे थोरले. त्या नियमांपैकी एक असा की मुळातला ‘क’ जर्मानिक भाषांत घशातून घासून येणारा ‘ख’ होतो. उर्दूतल्या ‘खुदा’, ‘खबर’ या शब्दांचा उच्चार आठवा, तसाच हा ‘ख’. जर्मानिक भाषा म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी वगैरे.

म्हणजे ‘नक्त’मधला जो ‘क’, तोच जर्मनमध्ये ‘ख’ झाला, आणि इंग्रजीतही झाला. अकराशे वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला ‘निख्त’ म्हणत असे. आठाला ‘एअख्त’सारखं काहीतरी म्हणायचा, लॅटिनमध्ये ते ‘ऑक्टो’ आणि आपल्याकडे ‘अष्ट’. मुलीला म्हणायचा ‘दोख्तोर’. आपली ‘दुहिता’ आठवते का? तीच ही. राईट म्हणजे सरळ, बरोबर. त्याचं नातं आपल्या ‘ऋजु’शी. लाईटचं नातं ‘रुच्’ म्हणजे चकाकणं या धातूशी. तेव्हा नाईट आणि डॉटर यांतलं जी-एच कुणी उगाच घुसडलेलं नाही. तिथं खरोखर एक ध्वनी होता, आणि तो आपल्या नक्त-दुहितेच्या घरातला होता.

मग हा ध्वनी लिहायचा कसा? इथून पुढची गोष्ट लेखनाची आहे.

इ. स. ५९७ मध्ये रोमहून ख्रिस्ती धर्मोपदेशक इंग्लंडच्या केंट प्रांतात उतरले आणि त्यांच्याबरोबर लॅटिन लिपी आली. लॅटिनमध्ये हा घशातला ‘ख’ नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी अक्षरही नव्हतं. मठांतल्या लेखनिकांनी जवळचं अक्षर घेतलं, ते ‘एच’. रात्र हा शब्द ते लिहीत एन-आय-एच-टी. साधं, सरळ, बोलण्याबरहुकूम लेखन. दादा त्या काळात शाळेत असते तर त्यांना छडी बसली नसती.

पुढे १०६६ साल आलं. हेस्टिंग्जची लढाई झाली आणि नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडचा राजा झाला. दरबार, न्यायालयं, मोठी चर्चं यांत फ्रेंच आणि लॅटिनचं राज्य सुरू झालं. लेखनिक फ्रेंच वळणाचे. त्यांनी इंग्रजी शब्द आपल्या सवयीनं लिहायला घेतले. क्वीन म्हणजे राणी, तिचं आधीचं लेखन सी-डब्ल्यू असं होतं, ते क्यू-यू झालं. आणि आपला घशातला ‘ख’? फ्रेंच माणसाच्या लेखी एच हे अक्षर फार दुबळं, जवळजवळ न उच्चारण्याजोगं. त्याला वाटलं, एवढ्या खरखरीत आवाजाला नुसतं एच पुरणार नाही. मग कुणी सी-एच लिहू लागलं, कुणी ‘योग’ नावाचं एक वेगळंच अक्षर वापरू लागलं, ते दिसायला आपल्या तीनच्या आकड्यासारखं होतं. आणि कुणी एचच्या आधी जी लावला. हे जी-एच हळूहळू जिंकलं.

मात्र जिंकायला दोन-तीन शतकं गेली. तोवर एकाच शब्दाची किती रूपं असावीत? थ्रू म्हणजे आरपार, मधून. या एका शब्दाची मध्ययुगीन हस्तलिखितांत शेकडो वेगवेगळी स्पेलिंगं सापडतात. त्याला कुणी चूक म्हणत नसे. ज्या गावात जसं बोलत, तसं तिथला लेखनिक लिही. चुकीचं स्पेलिंग ही कल्पनाच मुळी नव्हती, कारण बरोबर स्पेलिंग ठरलेलं नव्हतं.

मग ते ठरलं कधी? तर छापखाना आला तेव्हा. विल्यम कॅक्स्टन हा मूळचा कापडाचा व्यापारी. सुमारे तीस वर्षं तो समुद्रापलीकडे, आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या भागात राहिला. छपाईची विद्या त्यानं जर्मनीतल्या कोलोनला घेतली आणि १४७६ साली लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडचा पहिला छापखाना घातला.

या कॅक्स्टननं १४९० च्या सुमाराला छापलेल्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक प्रसंग सांगितला आहे. काही व्यापारी टेम्स नदीतून जहाजानं हॉलंडकडे निघाले होते. वारा पडला म्हणून केंटच्या किनाऱ्याला उतरले. एकानं एका घरी जाऊन बाईकडे अंडी मागितली. त्यानं शब्द वापरला ‘एगीस’. बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. गडी भडकला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! मग दुसऱ्या एकानं ‘आयरेन’ मागितली, तेव्हा बाईला कळलं. दोघेही इंग्लंडचे, दोघेही इंग्रजीच बोलत होते. कॅक्स्टन विचारतो की आता मी छापायचं काय, एगीस की आयरेन?

हस्तलिखिताला हा प्रश्न पडत नाही. शेकडो प्रती एकसारख्या काढायच्या तर पडतो. कुठलं तरी एक रूप निवडावं लागतं. राजाच्या कचेरीतल्या लेखनिकांनी जी वळणं रूढ केली होती ती छापखान्यांनी पुष्कळशी उचलली, काही आपल्या मनाची घातली. योग हे अक्षर परदेशातून आणलेल्या खिळ्यांत नव्हतंच, त्यामुळे त्याचा निकाल लागला आणि जी-एच पक्कं झालं.

घोस्टची हकीकत याच छापखान्यातली. भुताचा जुना इंग्रजी शब्द ‘गास्त’, जी-ए-एस-टी. त्यात एच नावालाही नव्हता. पण कॅक्स्टनची उमेदीची वर्षं फ्लेमिश लोकांत गेलेली. फ्लेमिशमध्ये भुताचा शब्द जी-एच नं सुरू होई. तीच सवय त्यानं इकडे आणली. गूज म्हणजे हंसाच्या जातीचा पक्षी आणि गोट म्हणजे बकरी, यांनाही त्याच्या पुस्तकांत जी-एच लागलेलं दिसतं. ते टिकलं नाही. भुताला लागलेलं मात्र पाचशे वर्षं झाली तरी उतरलेलं नाही!

आता या साऱ्या गोष्टीतला खरा योगायोग लक्षात घ्या. छापखान्यानं स्पेलिंग गोठवायला सुरुवात केली नेमकी त्या काळात, जेव्हा इंग्रजांचं बोलणं भराभर बदलत होतं. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर सगळे जागचे हलले. अभ्यासक त्याला महास्वरांतर म्हणतात. ‘ई’चा ‘आय’ झाला, ‘ऊ’चा ‘आउ’ झाला. त्याच काळात आपला घशातला ‘ख’ही विरत गेला. ‘निख्त’चा ‘ख’ गेला, जाताना मागचा ‘नि’ दीर्घ करून गेला, झालं ‘नीट’. मग त्या ‘नी’चा ‘नाय’ झाला, झालं ‘नाईट’. बोलणं तीन घरं पुढे गेलं आणि लिहिणं जागच्या जागी राहिलं.

हा ध्वनी सगळीकडे एकदम मेला नाही. सेंट पॉल्स शाळेचे मुख्याध्यापक अलेक्झांडर गिल, कवी मिल्टन यांच्याच शाळेत शिकला, यांनी १६१९ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात ते अजून हा ध्वनी नोंदवतात. शिक्षित, जुन्या वळणाची माणसं तो उच्चारत, तरुण पिढी सोडत चालली होती. स्कॉटलंडच्या बोलीत तर तो आजही जिवंत आहे, तिथं रात्रीला ‘निख्त’ म्हणणारी माणसं भेटतात.

आणि काही शब्दांत तो मेला नाही, त्यानं रूप बदललं. करून बघा. घशातून ‘ख’ घासत काढा आणि काढताना ओठ गोल करा. ऐकणाऱ्याला तो ‘फ’सारखा वाटेल. काही बोलींत असंच झालं. तिथं हसणं ‘लाफ’ झालं, खोकला ‘कफ’ झाला, रफ म्हणजे खडबडीत आणि टफ म्हणजे चिवट, यांतही ‘फ’ आला. काही ठिकाणी मुलीलाही ‘डाफ्टर’ म्हणत. लंडनला सगळ्या प्रांतांतली माणसं येत होती. एक शब्द या बोलीतला राहिला, दुसरा त्या बोलीतला. म्हणून आज ओ-यू-जी-एच ही चार अक्षरं दो म्हणजे ‘जरी’ यात एक बोलतात, थ्रूमध्ये दुसरं, टफमध्ये तिसरं, कफमध्ये चौथं, बाउ म्हणजे फांदी यात पाचवं. नियम शोधायला जाल तर सापडणार नाही. शब्दागणिक त्याचं कूळ विचारावं लागेल.

बरं, विद्वान मंडळींनी यात भर घातली ती वेगळीच. डिलाईट म्हणजे आनंद. हा फ्रेंचातून आलेला शब्द, त्यात घशातला ‘ख’ कधीच नव्हता. पण लाईट-नाईटच्या पंगतीत तो बसतो असं वाटून सोळाव्या शतकात त्यालाही जी-एच चिकटवलं. हॉटी म्हणजे घमेंडखोर, त्याचीही तीच कथा. म्हणजे काही मुकी अक्षरं वारलेल्या ध्वनींची स्मारकं आहेत, आणि काही स्मारकांखाली कुणी पुरलेलंच नाही!

जी-एचचे आणखी दोन पाहुणे आहेत. इटालियन भाषेत ई आणि आय यांच्याआधी जीचा ‘ज’ होतो. तो होऊ नये म्हणून मध्ये एच घालतात. व्हेनिसमध्ये १५१६ साली ज्यू लोकांना एका वेगळ्या वस्तीत कोंडलं, त्या वस्तीचं नाव ‘घेटो’. ते इंग्रजीत तसंच आलं. स्पॅघेटीचंही तसंच. दुसरा पाहुणा आपल्याकडचा. घी आणि घाट हे शब्द इंग्रजी कोशांत आहेत. त्यांतलं जी-एच हे सरळ आपल्या ‘घ’साठी आहे. आपल्या सह्याद्रीला ते वेस्टर्न घाट्स म्हणून लिहितात आणि ‘गाट्स’ म्हणून वाचतात.

या दोन जी-एचची टक्कर आपण क्रिकेटमध्ये पाहिली आहे. ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह, त्याचं आडनाव डब्ल्यू-ए-यू-जी-एच. आपली वर्तमानपत्रं बरोबर ‘वॉ’ छापायची. आपल्या वाघ आडनावाच्या माणसाचं इंग्रजी लेखन बघा, एक ‘यू’ तेवढा कमी. तो परदेशी गेला तर तिकडचा माणूस त्याच्या नावातला ‘घ’ गिळून टाकतो. दोष कुणाचाच नाही. आपण ‘घ’साठी वापरलेली अक्षरं त्यांच्याकडे मौनासाठी ठेवलेली आहेत.

तुम्ही म्हणाल, इंग्रजांना हे सुधारावंसं वाटलं नाही का? वाटलं ना! गिल यांनाच वाटत होतं. पण १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सन यांचा कोश आला, सुमारे ४२ हजार शब्दांचा, आणि त्यातली स्पेलिंगं प्रमाण ठरली. अमेरिकेत नोआ वेबस्टर यांनी थोडं यश मिळवलं. नांगर म्हणजे प्लाउ, त्यातलं जी-एच काढून त्यांनी डब्ल्यू घातला, तो अमेरिकेत आजही चालतो. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांनी सरकारी छापखान्याला तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं वापरायचा हुकूम दिला, त्यात थ्रू आणि दो होते. वर्तमानपत्रांनी टर उडवली, काँग्रेसनं मोडता घातला, आणि त्याच वर्षी हुकूम मागे घ्यावा लागला. शिकागो ट्रिब्यूननं १९३४ पासून चाळीस वर्षं ही सोपी रूपं चालवली आणि १९७५ मध्ये सोडून दिली. बर्नार्ड शॉ यांनी तर मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसे ठेवले. त्या लिपीत त्यांचं एक नाटक १९६२ साली छापलंही गेलं. वाचणारे मूठभर.

१९६२ हे साल आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे. मराठी साहित्य महामंडळानं तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम त्याच साली शासनानं स्वीकारले. त्यातला मोठा बदल कोणता? न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. इथं जी वडीलधारी मंडळी बसली आहेत त्यांना जुनी पुस्तकं आठवत असतील. ‘पांच’, ‘दांत’, ‘नांव’, ‘घरांत’, ‘केलें’. ती टिंबं म्हणजे आपली जी-एच होती. ‘पांच’वरचं टिंब ‘पञ्च’मधल्या ‘ञ’ची खूण, ‘दांत’वरचं ‘दन्त’मधल्या ‘न’ची, ‘नांव’वरचं ‘नाम’मधल्या ‘म’ची. आणि जसा स्कॉटलंडमध्ये ‘ख’ शिल्लक आहे, तसा कोकणातल्या बोलींत आणि गोव्याच्या कोंकणीत हा नाकातला स्वर आजही ऐकू येतो. आपण जे मुकं म्हणून काढलं, ते त्यांच्याकडे बोलत होतं.

मग आपण बरोबर केलं की चूक? मला विचाराल तर, बरोबर केलं. त्या टिंबांपायी किती मुलांचे गुण गेले असतील याचा हिशोब नाही. पण काढताना काय काढतोय हे माहीत असावं, एवढंच माझं म्हणणं. इंग्रजांनी उलट केलं. इतिहास ठेवला आणि त्याची किंमत प्रत्येक पिढीच्या पोरांनी भरली. त्यांच्या पोरांनी भरली आणि आपल्याही.

दादांनी ती भरली. गणितात ते पहिले यायचे. मॅट्रिकला दोनदा बसले, दोन्ही वेळा इंग्रजीत गेले. मग मुंबईला गिरणीत लागले. धाकट्यांची शिक्षणं, त्यात माझंही, त्यांच्या पगारावर झालं. मी पुढे भाषेचा अभ्यास केला. एकदा सुट्टीत गावी गेलो असताना त्यांना ही सगळी हकीकत सांगितली. सांगितलं की दादा, तुम्ही त्या दिवशी ‘निघ्ट’ वाचलंत ना, सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज जवळजवळ तसंच म्हणायचा. तुमचा उच्चार त्या वर्गातल्या सगळ्यांपेक्षा जुना होता, चुकीचा नव्हता. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी पाठ केलं असतं रे.’

मित्रहो, आता आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. लहान लहान मुलं आज एन-आय-जी-एच-टी घोकताहेत. स्पेलिंग शिकवू नका असं मी म्हणत नाही. जग जसं लिहितं तसं त्यांना लिहिता आलंच पाहिजे, नाहीतर त्यांची वाट अडेल. पण शिकवताना शब्द कुळाकुळानं शिकवा. नाईट, लाईट, राईट, साईट म्हणजे दृष्टी, फाईट म्हणजे लढाई, माईट म्हणजे बळ, टाईट म्हणजे घट्ट. हे एका घरातले. लाफ, कफ, रफ, टफ, इनफ हे दुसऱ्या घरातले. आणि कुणी ‘निघ्ट’ वाचलं तर हसू नका. त्याला सांगा की इथं पूर्वी एक आवाज होता, आता तो गेला आहे, त्याची जागा आपण राखून ठेवतो. मूल हे ऐकतं. आपल्या घरात आजोबांची खुर्ची असते, तिच्यावर कुणी बसत नाही, ते त्याला कळतं, हेही कळेल.

आणि नोकरीच्या अर्जात एखादं जी-एच सुटलं म्हणून समोरच्या माणसाला अडाणी ठरवण्याआधी एवढं आठवा, की त्या अक्षरांची जागा काही अंशी एका कापडाच्या व्यापाऱ्यानं, परदेशी खिळ्यांच्या सोयीनं ठरवलेली आहे. त्यात माणसाची अक्कल मोजण्याची सोय कुणी केलेली नव्हती.